आवाज स्वस्त, शांतता महाग

शहरांतील वाहतूक पोलीस दर काही महिन्यांनी एक मोहीम हाती घेतात. कर्णकर्कश आवाज करीत जाणाऱ्या मोटारसायकली अडवल्या जातात, त्यांचे सायलेन्सर जागेवरच उतरवून घेतले जातात आणि काही दिवसांनी ते मैदानात ओळीने मांडून त्यांच्यावरून रोड रोलर फिरवला जातो. त्याची छायाचित्रे प्रसिद्ध होतात, नागरिक समाधान व्यक्त करतात आणि महिना-दोन महिन्यांनी रात्री अकराच्या सुमारास त्याच रस्त्यावरून तोच आवाज पुन्हा ऐकू येऊ लागतो. पुणे, मुंबई, नागपूर यांसारख्या शहरांतील रहिवाशांना हे चक्र आता पाठ झाले आहे. चिरडलेल्या सायलेन्सरची जागा दुसरा सायलेन्सर इतक्या सहज कसा घेतो, या प्रश्नाकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. त्याचे उत्तर तरुणांच्या बेशिस्तीत जितके आहे, तितकेच ते किमतीत, बाजारात आणि कायद्याच्या रचनेत आहे.

मोटारसायकल अधिक वेगवान करायची तर पैसा लागतो. इंजिनाची क्षमता वाढवणे, इंधनपुरवठ्याची यंत्रणा बदलणे, चांगले टायर आणि ब्रेक बसवणे ही सर्व खर्चाची कामे आहेत. गाडी अधिक मोठ्याने वाजवायची तर खर्च जवळजवळ नाहीच, कारण त्यासाठी गाडीला काही जोडावे लागत नाही. असलेले काढून टाकले की झाले. वाहनात हौसेने केल्या जाणाऱ्या बदलांमध्ये सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर लक्ष वेधून घेणारा बदल हाच आहे. तुटपुंज्या पैशांत हौस भागवू पाहणारा तरुण प्रथम सायलेन्सरकडे वळतो, त्यामागे हे साधे गणित आहे.

सायलेन्सरच्या पोटात

इंजिनात इंधनाचा प्रत्येक स्फोट झाल्यावर जळालेला वायू मोठ्या दाबाने बाहेर पडतो. एका सिलिंडरच्या चार स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एक स्फोट होतो. म्हणजे गाडी जागेवर उभी असताना मिनिटाला ९०० फेरे होत असतील तर सेकंदाला साडेसात स्फोट होतात आणि ते कानाला सुटे सुटे जाणवतात. जुन्या बुलेटची प्रसिद्ध ‘डग डग’ ती हीच. मिनिटाला ६,००० फेरे झाले की सेकंदाला ५० स्फोट होतात आणि त्यांचा एकच सलग गडगडाट ऐकू येतो.

हा वायू सरळ बाहेर सोडला तर प्रत्येक स्फोट बंदुकीच्या बारासारखा ऐकू येईल. तसे होऊ नये म्हणून बेंड पाइपच्या पुढे सायलेन्सर असतो. बाहेरून तो साधा नळकांड्यासारखा दिसत असला तरी त्याच्या पोटात पडदे, कप्पे आणि भोके पाडलेल्या नळ्या यांची नेमकी मांडणी असते. ध्वनिलहरी एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना पडद्यांवर आपटून परततात, एकमेकींना छेदतात आणि त्यांची तीव्रता घटते. काही सायलेन्सरमध्ये काचेची लोकर भरलेली असते. ती ध्वनीची ऊर्जा शोषून तिचे उष्णतेत रूपांतर करते. कप्प्यांची लांबी आणि नळ्यांचा व्यास इंजिनाच्या मापानुसार ठरवलेला असतो. कंपनीच्या सायलेन्सरमागे अशा प्रकारे बरेच अभियांत्रिकी काम असते आणि त्याचे फळ म्हणजे शांतता, जी ग्राहकाला दिसत नाही.

गॅरेजमध्ये होणारे बदल या मांडणीवरच घाव घालतात. पहिला प्रकार म्हणजे सायलेन्सर कापून आतील पडदे किंवा जाळी काढून टाकायची आणि नळकांडे पुन्हा वेल्डिंगने जोडायचे. बाहेरून गाडी कंपनीच्या सायलेन्सरची दिसते, आतून ती रिकामी असते. दुसरा प्रकार सायलेन्सरच्या मागच्या तोंडाला किंवा पडद्याला भोके पाडण्याचा. तिसरा आणि सर्वाधिक प्रचलित प्रकार म्हणजे बाजारातून तयार सायलेन्सर आणून बसवणे. ‘पंजाब’, ‘इंदोरी’, ‘डॉल्फिन’ अशा नावांनी ओळखले जाणारे हे सायलेन्सर दिल्लीच्या करोल बागेसारख्या सुट्या भागांच्या बाजारांतून देशभर जातात. पत्र्याची एक नळी, आत जुजबी जाळी आणि वर क्रोमचा मुलामा इतकाच हा ऐवज असल्याने तो थोडक्या पैशांत मिळतो आणि अर्ध्या तासात बसतो. कंपनीचा मूळ सायलेन्सर घरी माळ्यावर ठेवला जातो आणि परिवहन कार्यालयात जाण्याची वेळ आली की पुन्हा चढवला जातो.

‘फटाके’ फोडण्याचा प्रकार याच्याही पुढचा आहे. चालत्या गाडीची चावी क्षणभर बंद करून पुन्हा सुरू केली की मधल्या वेळात न जळलेले पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाते आणि तिथे भडकते. बंद गल्लीत तो आवाज थेट गोळीबारासारखा वाटतो. कार्बुरेटरच्या जुन्या गाड्यांत हे सहज साधते.

स्वस्ताईची खरी किंमत

हा बदल जितका स्वस्त दिसतो तितका तो असतो का, हा वेगळा हिशेब आहे. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, हा समज गॅरेजच्या कट्ट्यावर पक्का रुजलेला आहे. वायूच्या मार्गातील अडथळा कमी झाल्याने वरच्या वेगात किंचित फरक पडू शकतो हे खरे. पण कंपनीने इंधन व हवेचे प्रमाण मूळ सायलेन्सर गृहीत धरून ठरवलेले असते. तो बदलला आणि बाकी यंत्रणा तशीच राहिली तर मिश्रणाचा तोल बिघडतो, कमी वेगातील ओढ कमी होते, इंजिन अधिक तापते. शहरातील सिग्नल ते सिग्नल अशा वापरात तर ज्या वरच्या वेगात लाभाची शक्यता असते, तो वेग गाठलाच जात नाही. कानाला वेग वाढल्याचा भास होतो, इतकेच.

नव्या गाड्यांमध्ये नुकसान आणखी मोठे आहे. १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज ४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. त्यांची पूर्तता करण्यासाठी बाहेर पडणाऱ्या वायूच्या मार्गात उत्प्रेरक उपकरण, म्हणजेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेले असते. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या मौल्यवान धातूंचा पातळ लेप त्यात असतो आणि कार्बन मोनॉक्साइडसारख्या विषारी वायूंचे रूपांतर करण्याचे काम तो करतो. त्याच मार्गावरचा ऑक्सिजन संवेदक इंजिनाच्या संगणकाला इंधनाचे प्रमाण ठरवण्यास मदत करतो. अनेक गाड्यांत हे उपकरण सायलेन्सरच्या नळकांड्यातच असते, त्यामुळे सायलेन्सर काढला की तेही जाते. आवाजाचा प्रश्न तिथे धुराचाही प्रश्न होतो. कंपनीची वॉरंटी धोक्यात येते आणि परवानगीविना केलेल्या बदलावरून विमा कंपनीशी वाद उद्भवू शकतो. स्वस्तात घेतलेल्या आवाजाची वसुली अशी हप्त्याहप्त्याने होत राहते.

हौसेचा इतिहास

तरीही ही हौस केवळ उनाडपणा म्हणून निकालात काढता येणार नाही. भारतात मोटारसायकलीचा आवाज ही तिची ओळख राहिली आहे. १९५५ पासून मद्रासमध्ये जुळणी सुरू झालेली बुलेट लष्कर आणि पोलीस यांच्या सेवेत राहिली. तिचा आवाज सत्तेचा, रुबाबाचा आवाज ठरला. गावात पाटील किंवा फौजदार येतो आहे हे गाडी दिसण्याआधी कळत असे. म्हैसूरच्या येझदीचे दोन सायलेन्सर आणि १९८५ ते १९९६ या काळात निघालेल्या यामाहा आरएक्स १०० चा टू स्ट्रोक आवाज यांनी एका पिढीच्या कानात घर केले. प्रदूषणाचे निकष कडक होत गेले तशी टू स्ट्रोक इंजिने मागे पडली. २००८ नंतर बुलेटचे जुने बिडाचे इंजिन जाऊन नव्या रचनेचे इंजिन आले आणि ‘पूर्वीचा आवाज राहिला नाही’ ही तक्रार सर्वत्र ऐकू येऊ लागली. इंदोरी किंवा पंजाब सायलेन्सरची बाजारपेठ याच हळहळीवर उभी राहिली.

कंपन्यांनाही हे पुरते ठाऊक आहे. अमेरिकेच्या हार्ले डेव्हिडसनने आपल्या इंजिनाच्या आवाजाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी व्हावी यासाठी १९९४ मध्ये अर्ज केला होता. अनेक वर्षांच्या वादानंतर २००० साली तो मागे घेतला. आज प्रत्येक मोठी कंपनी कायद्याच्या मर्यादेत राहून सायलेन्सरचा नाद ‘घडवण्या’वर मेहनत घेते आणि जाहिरातींत तो नाद ठळकपणे ऐकवते. २०१९ मध्ये बाजारात आलेल्या रिव्होल्ट आरव्ही ४०० या विजेवरच्या, म्हणजे मुळातच नि:शब्द असलेल्या मोटारसायकलीत पेट्रोल गाडीचे कृत्रिम आवाज निवडण्याची सोय दिली गेली, यावरून या मागणीची कल्पना यावी. आधी हौस जागवायची आणि मग ती मर्यादेतच भागवावी अशी अपेक्षा ठेवायची, असा हा प्रकार आहे. ज्याच्या हाती पैसा आहे तो परदेशी बनावटीचा महागडा सायलेन्सर बसवतो. ज्याच्या हाती नाही तो वेल्डिंगवाल्याकडे जातो. कारवाईच्या वेळी मात्र अडवला जातो तो बहुतेकदा दुसराच.

कायदा काय सांगतो

कायदे अपुरे आहेत असे म्हणता येणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रत्येक मोटार वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे, असे बजावतो. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार १ जानेवारी २००३ पासून नव्या दुचाकींसाठी आवाजाच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. ८० सीसीपर्यंतच्या गाडीला ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीपर्यंत ७७ डेसिबल आणि त्यावरील गाड्यांना ८० डेसिबल. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा अर्थ अधिक कडकपणे स्पष्ट केला आहे. कलम १९०(२) मध्ये आवाज आणि प्रदूषण यांचे निकष मोडणारे वाहन चालवणाऱ्यास शिक्षेची तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने ती पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आणि शिवाय तीन महिन्यांसाठी परवाना गमावणे इतकी वाढवली. परवानगीविना वाहनात बदल करणाऱ्या मालकासाठी कलम १८२अ(४) नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही आहे.

न्यायालयांनीही वेळोवेळी दखल घेतली आहे. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आवाजापासून मुक्त जगण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काशी जोडला. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये ध्वनिप्रदूषणासंबंधी सविस्तर निर्देश दिले. जुलै २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने तर बदललेल्या सायलेन्सरच्या आवाजाची स्वत:हून दखल घेतली.

एवढे सगळे असूनही रस्त्यावर फरक पडत नाही, याची कारणे नियमांच्या तपशिलात दडलेली आहेत.

नियम आणि रस्ता यांतील दरी

पहिले कारण मोजमापाचे. ७५, ७७, ८० हे आकडे कारखान्यातून निघणाऱ्या नव्या गाडीसाठी आहेत. त्यांची चाचणी मोकळ्या मैदानात, ठरलेल्या वेगाने येणारी गाडी पूर्ण जोर देऊन पुढे नेत, साडेसात मीटर अंतरावर ठेवलेल्या यंत्राने घेतली जाते. चौकात उभ्या असलेल्या हवालदाराला ही चाचणी घेणे अशक्य आहे. परिणामी तो कानावर आणि डोळ्यांवर विसंबतो. बाजारी सायलेन्सर नजरेने ओळखू येतो. पण आतून पोकळ केलेला कंपनीचा सायलेन्सर सहज सुटतो आणि गंजून फुटलेला मात्र पकडला जातो.

दुसरे कारण पीयूसीचे. वाहनाला ठरावीक मुदतीने प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या केंद्रावर पेट्रोल दुचाकीच्या धुरातील वायूंचे प्रमाण तपासले जाते. आवाज तपासला जात नाही. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या छोट्या गाडीपाशी कानठळ्या बसवणारी मोटारसायकल येते, नळी सायलेन्सरच्या तोंडात घातली जाते आणि प्रमाणपत्र हाती पडते. सर्व दुचाकी ज्या एका ठिकाणी नियमाने येतात, तिथेच आवाजाबद्दल कोणी विचारत नाही.

तिसरे कारण विक्रीचे. कलम १९०(२) वाहन चालवणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्याला लागू होते. दुकानात सुटा सायलेन्सर विकणारा त्यात सहज सापडत नाही. ‘फक्त शर्यतीच्या वापरासाठी’ असे खोक्यावर छापले की तो मोकळा. पुण्याच्या नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या बाजारात किंवा घरबसल्या खरेदीच्या संकेतस्थळांवर जी वस्तू उघडपणे विकत मिळते, ती वापरणे गुन्हा आहे हे विशीतल्या मुलाला कसे पटावे? रोड रोलरखाली जातो तो एक नग. गोदामात शेकडो नग पडून असतात.

चौथे कारण दंडाचे. कायद्यात कैद व परवाना रद्द होण्यापर्यंत शिक्षा असली तरी कलम २०० नुसार राज्य सरकारने ठरवलेली तडजोड रक्कम भरून बहुतेक प्रकरणे न्यायालयाबाहेरच मिटतात. महाराष्ट्राने वाढीव दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. तरीही ई-चलान घरी येते, ते थकत राहते आणि थकलेल्या चलानांच्या ढिगात आणखी एकाची भर पडते. शिक्षेच्या तीव्रतेपेक्षा ती होण्याची खात्री महत्त्वाची असते, हे वाहतुकीच्या इतर नियमांबाबत जसे खरे तसेच इथेही.

झोपेचा हिशेब

या सगळ्याची किंमत कोण मोजते? डेसिबल हे माप सरळ चढत्या भाजणीचे नसते. १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जेत दहापट वाढ आणि कानाला सुमारे दुप्पट आवाज. ८० डेसिबलची गाडी ९० वर गेली की ती एकटी आपल्यासारख्या दहा गाड्यांइतकी ऊर्जा रस्त्यावर ओतते. साडेसात मीटरवर ९० डेसिबल असलेला आवाज अंतर दुप्पट होताना साधारण सहा डेसिबलने घटतो, असे धरले तर तीस मीटरवरच्या सदनिकेच्या खिडकीशी तो सुमारे ७८ डेसिबल असतो. निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा आहे ४५ डेसिबल.

इथे एक विचित्र गोष्ट घडते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधील मर्यादा रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांच्या सरासरीवर आधारलेल्या आहेत. बाकीची रात्र अगदी शांत आहे असे मानून, दहा सेकंद टिकलेला ७८ डेसिबलचा आवाज त्या आठ तासांत पसरवला तर सरासरी येते सुमारे ४३ डेसिबल, म्हणजे मर्यादेच्या आत. ज्याची झोप मोडायची त्याची मोडलेली असते. कागदावर मात्र नियम मोडलेला नसतो. सतत चालणाऱ्या ध्वनिवर्धकासाठी सरासरीचे माप उपयोगी पडते, क्षणभर फाडून जाणाऱ्या आवाजाला ते पकडू शकत नाही. गणेशोत्सवातील भिंती आणि डीजे यांच्यावर जितकी चर्चा झाली तितकी मोटारसायकलींवर झाली नाही, त्यामागे हेही एक कारण असावे. उत्सव दहा दिवसांचा असतो आणि त्याचा आयोजक माहीत असतो. मोटारसायकल रोजची असते आणि तक्रार करण्यासाठी दूरध्वनी उचलेपर्यंत ती दोन चौक पुढे गेलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत रस्त्यावरील वाहतुकीचा रात्रीचा आवाज ४५ डेसिबलच्या आत राखण्याची शिफारस केली आहे. झोपेतील व्यत्यय आणि हृदयविकार यांच्याशी वाहतुकीच्या आवाजाचा संबंध त्यात विचारात घेतलेला आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात तर दिवसाही ५० डेसिबलची मर्यादा आहे. ही क्षेत्रे दाखवणाऱ्या पाट्या आहेत. त्यांच्याखालून जाणारे मोटारसायकलस्वार त्या वाचत नाहीत. तान्ही मुले, आजारी माणसे, पहाटेच्या पाळीला जाणारे कामगार आणि रस्त्याला लागून असलेल्या चाळींतील, वस्त्यांतील कुटुंबे यांना हा भार सर्वाधिक सोसावा लागतो. ज्यांच्या घराला वातानुकूलन आणि दुहेरी काचा आहेत त्यांच्यापर्यंत त्यातील निम्माही पोहोचत नाही. स्वस्त आवाजाचे देणे अशा रीतीने ज्यांच्यापाशी शांतता विकत घेण्याची ऐपत नाही त्यांच्याच माथी येते.

गंजलेल्या सायलेन्सरचा प्रश्न

मोठ्या आवाजाची प्रत्येक गाडी हौशी माणसाची नसते, हे मोहिमांच्या गदारोळात विसरले जाते. सायलेन्सर आतून गंजतो. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते; छोट्या छोट्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापत नाही, ती वाफ आतच थिजून पाणी होते आणि पत्रा खाऊ लागते. मुंबई आणि कोकणातील दमट, खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस त्यात भर घालतात. दिवसभर घरोघर खाद्यपदार्थ किंवा पार्सल पोहोचवणाऱ्याची दहा वर्षांची जुनी गाडी फटफटू लागते ती या कारणाने.

त्याच्यापुढे पर्याय दोन. कंपनीचा नवा सायलेन्सर घ्यायचा, ज्याची किंमत उत्प्रेरक उपकरणामुळे बाजारी नगाच्या कितीतरी पट असते. किंवा बाजारातून मिळेल तो स्वस्त सायलेन्सर बसवायचा, नाहीतर जुन्यालाच वेल्डिंगचा टाका मारून दिवस ढकलायचे. गाडीवर ज्याची रोजची कमाई अवलंबून आहे, त्याला पहिला पर्याय परवडत नाही. या माणसाला शांत गाडी हवी आहे. परवडणाऱ्या दरात ती त्याला कोणी देत नाही. आवाज वाढवण्यासाठी पैसे मोजणारा आणि आवाज कमी करण्यापुरते पैसे नसलेला अशा दोघांना एकाच चलानाने हाकणे न्यायाचे नाही आणि परिणामकारकही नाही.

इतर देशांत या दोन्ही टोकांचा विचार झालेला दिसतो. युरोपात मोटारसायकलीवर बदली सायलेन्सर बसवायचा तर तो संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ९२ सारख्या मानकांनुसार तपासून मान्य झालेला असावा लागतो आणि त्यावर मान्यतेचा शिक्का कोरलेला असतो. गाडीच्या माहितीपट्टीवर उभ्या स्थितीतील आवाजाचा आकडा आणि तो इंजिनाच्या किती फेऱ्यांना मोजला हेही नोंदवलेले असते. पोलिसाने सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात यंत्र धरायचे, इंजिन तितक्या फेऱ्यांवर न्यायचे आणि आकडा पट्टीशी ताडून पाहायचा. वादाला जागा राहत नाही. फ्रान्सने याच्या पुढे जाऊन ध्वनी टिपून गाडीचा क्रमांक नोंदवणारे ‘रडार’ पॅरिसमध्ये आणि आसपास २०२२ पासून अजमावले. ब्रिटननेही त्याच वर्षी काही शहरांत ध्वनी कॅमेऱ्यांचे प्रयोग केले. आपल्याकडील हॉर्नच्या गजरात असे कॅमेरे नेमकी गाडी कशी ओळखणार, ही शंका रास्त आहे. पण माहितीपट्टी आणि शिक्का या दोन साध्या गोष्टींना हॉर्नची अडचण येत नाही.

करता येण्याजोगे

उपायांसाठी नव्या कायद्याची फारशी गरज नाही. आहे त्या व्यवस्थेतील दुवे जोडण्याची आहे. पीयूसी केंद्रावर धुराबरोबर उभ्या गाडीच्या आवाजाचीही चाचणी घेतली गेली तर रस्त्यावर अडवाअडवी न करता बहुसंख्य दुचाकी ठरावीक काळाने तपासणीखाली येतील. चाचणी सोपी आहे, यंत्रही फार महाग नाही. प्रत्येक नव्या गाडीच्या पट्टीवर उभ्या स्थितीतील आवाजाचा आकडा छापणे कंपन्यांना जड नाही. बाजारात विकल्या जाणाऱ्या बदली सायलेन्सरला मान्यतेचा शिक्का अनिवार्य केला आणि शिक्का नसलेल्या नगाची विक्री हाच स्वतंत्र गुन्हा ठरवला, तर दंडाचा रोख चौकातील मुलाकडून गोदामाकडे वळेल. तोवर लोकांच्या आरोग्याला व स्वास्थ्याला बाधा आणणारा व्यवसाय थांबवण्याचे आदेश देण्याची जी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे, ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना अजमावून पाहता येईल.

याची दुसरी बाजू म्हणजे शांत सायलेन्सर स्वस्त करणे. शिक्काधारक बदली सायलेन्सरची बाजारपेठ तयार झाली तर आज पंजाब आणि इंदोरी नळ्या बनवणारे लघुउद्योगच ते बनवू शकतील. पत्रा वाकवण्याचे आणि वेल्डिंगचे कौशल्य त्यांच्यापाशी आहेच. आतल्या पडद्यांची मांडणी आणि तपासणीची सोय त्यांना मिळायला हवी. पुण्यातच वाहनांची चाचणी करणारी एआरएआयसारखी संस्था असताना हे अशक्य मानण्याचे कारण नाही. जुन्या गाडीचा गंजलेला सायलेन्सर बदलून मान्य सायलेन्सर बसवणाऱ्याला पहिल्या वेळी दंडातून सूट दिली, तर कारवाईचा उद्देश महसूल नसून शांतता आहे हे लोकांना पटेल.

मोटारसायकलीचा नाद आवडणे हा गुन्हा नव्हे. तो आवडणाऱ्यांसाठी मर्यादेत राहून नाद घडवणारे अभियंते आहेत आणि शर्यतीच्या मैदानांची सोयही वाढवता येण्याजोगी आहे. प्रश्न आहे तो रात्रीच्या रस्त्यावरील सामायिक शांततेचा. सध्याच्या व्यवस्थेत गाडीचा आवाज वाढवणे थोडक्या पैशांत होते, तो कायद्याच्या मर्यादेत आणण्यासाठी त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात आणि पकडले जाण्याची शक्यता नगण्य असते. हे तिन्ही आकडे उलटे होत नाहीत तोवर रोड रोलरला कामाची वाण पडणार नाही.